शिमग्याच्या फोटोंचं पुस्तक करायचंय, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?

पाखाडीवाला

नमस्कार मंडळी. आमचं गाव गुहागर तालुक्यात. यंदा मुंबई मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरलं की शिमग्याच्या फोटोंचं एक नीट छापील पुस्तक करायचं, आणि "तू कम्प्युटरवाला ना" म्हणून ते माझ्या गळ्यात पडलंय (मी बँकेत आहे, कम्प्युटरवाला वगैरे काही नाही, पण गावात लॅपटॉप असला की तुम्ही इंजिनीअर). साधारण १२० पानं, ६० प्रती. फोटो तीन प्रकारचे आहेत, जुन्या अल्बममधले प्रिंट, मधल्या काळातले डिजिटल कॅमेऱ्याचे, आणि आताचे मोबाईलचे ज्यातले अर्धेअधिक व्हॉट्सॲपवरूनच आलेत. सहाणेवर (पालखी बसते त्या कट्ट्यावर) पालखी, रूपं (देवांचे मुखवटे) लावताना, होम, खेळे, संकासुर आणि गोमू ही सोंगं, घरोघरी ओटी भरताना, सगळं आहे. प्रत्येक फोटोखाली मराठीत दोन-तीन ओळी हव्यात, कोण कुठल्या वाडीचे, कुठलं वर्ष, मान कोणाचा. आणि ह्या ओळी शेवटच्या दिवसापर्यंत बदलणार हे मी आत्ताच लिहून देतो, कारण मानकऱ्यांच्या नावाचा क्रम हा आमच्याकडे सॉफ्टवेअरपेक्षा फार मोठा विषय आहे.

यूट्यूबवर बघितलं तर कोणी म्हणतं लाइटरूम, कोणी इनडिझाइन, कोणी फोटोबुक कंपन्यांचं ॲप. विंडोज लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम. खर्च शक्यतो नको, मंडळाचे पैसे आहेत, हिशोब द्यावा लागतो. काय घेऊ?

रानमेवा

कॅनव्हा. विषय संपला. मराठी फॉन्ट आहेत, ब्राउझरमध्ये चालतं, मंडळातल्या दुसऱ्या कोणाला लिंक दिली की तो पण सुधारणा करू शकतो. आमच्या शाळेची स्मरणिका त्यातच केली.

लेन्सवाला कणकवली

स्मरणिका आणि फोटो पुस्तकात फरक आहे हो. कॅनव्हा वाईट नाही, पीडीएफ प्रिंट काढताना ब्लीड (पान कापताना कडेला जाणारा जादा भाग) आणि क्रॉप मार्क (कापायच्या खुणा) पण देतं, पण फुकटच्या अकाउंटात सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) नाही, जागा ५ जीबी, आणि १२० पानांत मोठे फोटो टाकले की ब्राउझर गुडघे टेकतो. त्यात गुहागरच्या वाडीत नेट कसं असतं ते यालाच विचारा.

मी लग्नाचे अल्बम करतो म्हणून सांगतो, आमची पद्धत पण तुला लागू नाही. आम्ही १२ बाय ३६ इंचाची शीट फोटोशॉपमध्ये करतो, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ती १०८०० बाय ३६०० पिक्सेल होते, जेपीजी काढतो आणि लॅबला पाठवतो, लॅब ती पुठ्ठ्यावर चिकटवून सपाट उघडणारा अल्बम बनवते. स्मार्टअल्बम्स, फंडी असली सॉफ्टवेअरं ह्याच कामासाठी आहेत, फोटो टाकले की मांडणी पटापट सुचवतात, भारी आहेत, पण त्यांचा सगळा जीव फोटोत, मजकुरात नाही. प्रत्येक फोटोखाली तीन ओळी आणि त्या रोज बदलणार म्हणजे फोटोशॉपमध्ये तू वेडा होशील. आणि असा अल्बम एक-दोन प्रतींचा धंदा आहे, ६० प्रती काढायला गेलास तर मंडळ तुला वाळीत टाकेल.

लाइटरूम क्लासिकमध्ये बुक नावाचा भाग आहे, तो चांगला आहे पण त्याची मापं ब्लर्ब कंपनीच्या पुस्तकांची, ७ बाय ७, १० बाय ८, १२ बाय १२ अशी ठरलेली. तुझ्या प्रेसवाल्याला पाहिजे ते माप तिथे टाकता येत नाही.

डीटीपी चिपळूण

पाखाडीवाला, तुझा प्रश्न उलटा आहे बघ. सॉफ्टवेअर शेवटी ठरतं. आधी छापणार कुठे ते ठरव, मग माप, मग मजकूर कसा उमटतो ते, आणि मग सॉफ्टवेअर. मी पेजमेकरच्या जमान्यापासून ह्या धंद्यात आहे, पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि तुला खोटं वाटेल पण आपल्याकडे काही प्रेसमध्ये ते अजून चालू आहे, त्यामुळे सॉफ्टवेअर नवीन की जुनं ह्यावर काही अडत नाही.

६० प्रती म्हणजे ऑफसेट नाही, त्याच्या प्लेटांचा खर्च एवढ्या थोड्या प्रतींवर वाटून परवडत नाही. डिजिटल मशीनवर छापायचं. ह्या मशीनचा नेहमीचा कागद १३ बाय १९ इंच. आता गंमत बघ, सगळ्यांना फोटो पुस्तक आडवं हवं असतं, ए४ आडवं. आडव्या ए४ ची दोन पानं शेजारी ठेवलीस की रुंदी होते ५९४ मिलिमीटर, म्हणजे सव्वातेवीस इंचाच्या वर, ती १९ इंची कागदावर मावतच नाही. मग प्रत्येक पान सुटं छापून गोंदाने चिकटवतात, परफेक्ट बाइंडिंग. ए४ उभं घेतलंस तर दोन पानं मिळून ४२० बाय २९७, ती १३ बाय १९ वर ब्लीडसकट बसतात, मग कागद दुमडून फॉर्म (दुमडलेल्या कागदांचा गठ्ठा) करून दोऱ्याने शिवता येतो. ८ बाय ८ इंच चौकोनी पण बसतं. १० बाय १० नाही बसत, २० इंच होतात, एका इंचासाठी काम अडतं. काही ठिकाणी लांब कागद चालणारी मशीनं असतात, पण ते विचारून घे, गृहीत धरू नको.

शिवलेलं पुस्तक का, तर आपल्याकडची हवा. पावसाळ्यात चार महिने कपाटात राहिलेलं गोंदाचं जाड पुस्तक, त्यात आर्ट पेपर, जरा पूर्ण उघडलं की पानं सुटायला लागतात. आणि हे पुस्तक देवळात, मानकऱ्यांच्या घरात राहणार, शंभर हात लागणार. तेव्हा उभं ए४ किंवा चौकोनी, दोऱ्याची शिलाई, हार्ड बाऊंड. पानं १६ च्या पटीत ठेव म्हणजे फॉर्म सरळ बसतात, ११२ किंवा १२८. १२० पण होतात, शेवटी ८ चा अर्धा फॉर्म करून, प्रेसवाला थोडा कुरकुर करेल.

आता मराठीचं. कुठलंही सॉफ्टवेअर घे, पहिल्या दिवशी एक रिकामं पान उघड, युनिकोडमध्ये एवढंच टाइप कर: मानकऱ्यांनी, स्थिती, श्रीक्षेत्र, कृष्ण, द्वार, राष्ट्रीय. ऱ्य ची कोयती (य च्या आधीचा वाकडा र) नीट येते का, स्थिती मधली पहिली वेलांटी अख्ख्या स्थ च्या आधी बसते का, ट्र चा रफार-बिफार होत नाही ना, ते बघ. त्याची पीडीएफ काढ आणि ती मोबाईलवर उघडून परत बघ. इथे नापास झालं तर ते सॉफ्टवेअर कितीही नावाजलेलं असो, तुझ्या कामाचं नाही. पुष्कळ परदेशी सॉफ्टवेअरं इथेच झोपतात.

आणि हो, प्रेसवाला म्हणेल की मॅटर श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या फॉन्टात) द्या किंवा कोरलची फाइल द्या. देऊ नको. फॉन्ट आत घातलेली पीडीएफ दे, मग त्याच्याकडे कुठला फॉन्ट आहे ह्याच्याशी तुला घेणंदेणं नाही. युनिकोडमधून जुन्या फॉन्टात बदलताना जे घोळ होतात त्यात मानकऱ्यांची आडनावं बदलली तर पालखी गावात शिरायची नाही.

पाखाडीवाला

काका, हे कागदाचं कोणीच सांगितलं नव्हतं, मी आडव्याचंच स्वप्न बघत बसलेलो. रत्नागिरीत एका प्रेसला फोन केला, त्यांचं पण १३ बाय १९ च, पीडीएफ चालेल म्हणाले, ३ मिलिमीटर ब्लीड हवं म्हणाले. म्हणजे उभं ए४ फायनल.

आता दोन प्रश्न. ॲफिनिटी फुकट झालंय म्हणतात ते खरं का? आणि इनडिझाइन एका महिन्यापुरतं भाड्याने मिळतं का, का वर्षभराचे पैसे भरावे लागतात?

देवरुखचा पण ठाण्यात

मी मासिकांची मांडणी करतो, रोजचं काम इनडिझाइन, म्हणून त्या बाजूने थोडं झुकलेलं मत आहे हे धरून चाल.

ॲफिनिटी फुकट झालं हे खरं. २०२४ मध्ये कॅनव्हाने ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून फोटो, चित्रं, पानांची मांडणी असं तिन्ही एकाच ॲपमध्ये करून फुकट दिलं, फक्त कॅनव्हाचं अकाउंट लागतं. फोटोंसाठी आणि मांडणीसाठी सुंदर आहे, इंग्रजी फोटोबुक असतं तर डोळे मिटून तेच म्हटलं असतं. पण त्याच्या आधीच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरं तुटायची, वेलांट्या भलतीकडे जायच्या, मराठी लोकांची जुनी तक्रार आहे. तेव्हा काकांनी दिलेले शब्द त्यात टाइप कर आणि मगच पुढचं पान उघड. इंकस्केपमध्ये (फुकटचं चित्रांचं सॉफ्टवेअर) मराठी मजकूर करून त्याचे आकार बनवून आणता येतात, मुखपृष्ठाच्या नावाला ते ठीक आहे, पण तुझ्या बदलत्या ओळींना अजिबात नाही, कारण एकदा आकार झाला की ते अक्षर राहत नाही, एक काना दुरुस्त करायला परत मागे जायचं.

इनडिझाइनमध्ये मराठी उत्तम. फक्त परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा, तो नसला की तिथेही अक्षरं तुटतात आणि लोक म्हणतात इनडिझाइनमध्ये मराठी येत नाही. महिन्याचं भाडं असतं, पण नीट वाच, एक प्लॅन खरोखर महिन्याचा असतो तो महाग, दुसरा वर्षाचा करार असतो पण पैसे दर महिन्याला कापतात, तो मध्ये सोडला की दंड. स्वस्त आकडा दिसतो म्हणून दुसरा क्लिक करू नको. ७ दिवस फुकट चालवून बघता येतं. शहाणपणाचा मार्ग म्हणजे फोटो निवडणं, स्कॅन, ओळी लिहून घेणं हे सगळं आधी उरकायचं आणि मग एकच महिना घेऊन मांडणी करायची.

पण खर्च नको असेल तर स्क्रायबस. फुकट, मुक्त स्रोत, विंडोजवर चालतं, १.६ ची आवृत्ती घे, जुनी १.४ कुठे मिळाली तर घेऊ नको कारण तिच्यात देवनागरी बसतच नाही. दिसायला रुक्ष आहे, बटणं कुठे आहेत ते शोधण्यात पहिले दिवस जातात, शिव्या देशील. पण मास्टर पान (सगळ्या पानांचा साचा), शैली, सीएमवायके, ब्लीड, छपाईच्या दर्जाची पीडीएफ, सगळं आहे, आणि पीडीएफ काढण्याआधी स्वतःच तपासून सांगतं की अमुक फोटोचं रिझोल्यूशन कमी आहे, तमुक चौकटीत मजकूर मावत नाहीये. हे शेवटचं तुझ्या कामाला फार मोलाचं, कारण कोणीतरी आडनावाच्या पुढे "माजी सरपंच" घालायला सांगणार आणि ओळ चौकटीबाहेर पडणार.

८ जीबी रॅमवर १२८ पानं एका फाइलीत करू नको. ३२-३२ पानांच्या चार फाइली, चित्रांचा प्रिव्ह्यू कमी दर्जाचा ठेव, शेवटी पीडीएफ जोड. आणि फोटो फाइलीच्या आत जात नाहीत, बाहेरच्या फोल्डरशी फक्त जोडलेले असतात, त्या फोल्डरचं नाव बदललंस की सगळी पानं रिकामी दिसतात.

फॉन्ट गूगलवर फुकट आहेत. ओळींना मुक्ता घे, त्यात बारीक ते जाड सात वजनं मिळतात. प्रस्तावना आणि मोठ्या मजकुराला टिरो देवनागरी मराठी बघ, हिंदीचा वेगळा आणि मराठीचा वेगळा आहे, आपल्या पद्धतीचे ल आणि श त्यात आपोआप येतात. जाड त्यात नाही, तेव्हा शीर्षकाला दुसरा.

खाडीपलीकडे

मायक्रोसॉफ्ट पब्लिशर नाही का चालणार? ऑफिससोबत आलेलं असतं.

डीटीपी चिपळूण

२०२६ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्ट ते बंद करतंय. दुसऱ्या वर्षी पुरवणी काढायची म्हटलं तर फाइल उघडायची कशात? नको.

मालवणी चष्मो

माका ह्या सॉफ्टवेअरांतला कायव कळना नाय, पण फोटोंचा सांगतंय. (पुढचं सगळ्यांसाठी सरळ मराठीत.)

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा असतो. ३०० डीपीआयने तो सव्वापाच इंच छापतो, बस्स. तुमच्या उभ्या ए४ चं ब्लीडसकट अख्खं पान भरायला २५५१ बाय ३५७९ पिक्सेल लागतात. म्हणजे व्हॉट्सॲपचा फोटो एका पानावर तीन-चार लावायचे, अख्ख्या पानावर नाही, कुठलंही सॉफ्टवेअर तो मोठा करून त्यात नसलेला जीव आणू शकत नाही. ज्याने काढला त्याला फोन करा आणि मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ड्राइव्हवर टाकायला. आयफोनवाले चाकरमानी एचईआयसी पाठवतील, ते आधी जेपीजी करून घ्या. जुने प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन करा, ४ बाय ६ चा फोटो मग ८ बाय १२ पर्यंत नेता येतो. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतात, पानासकटच स्कॅनरवर ठेवा आणि वरचं प्लास्टिक तेवढं उचला. बुरशी आली असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कोरड्या ब्रशने.

दुसरी गोष्ट, तुमचे निम्मे फोटो रात्रीचे असणार. होमाच्या उजेडातला तो केशरी रंग स्क्रीनवर पेटलेला दिसतो, कागदावर विटकरी येतो, कारण छपाईच्या चार शाईत तो रंग बसतच नाही. आणि संकासुराचा काळा पोशाख काळ्या रात्रीत, मॅट कागदावर नुसतं डबकं दिसेल, एक पांढरी दाढी हवेत तरंगताना. सावल्या थोड्या उचला, लॅपटॉपचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून मग फोटो तपासा, आणि पाच-सहा कठीण फोटो एका शीटवर लावून त्याच प्रेसमध्ये त्याच कागदावर आधी प्रूफ काढा. सगळं पुस्तक छापून झाल्यावर रडण्यात अर्थ नाही.

लेन्सवाला कणकवली

प्रूफचं शंभर टक्के. अजून एक, दोन पानांवर पसरलेला मोठा फोटो लावायचा मोह होणारच, पण शिवलेल्या पुस्तकात मधला भाग शिलाईत जातो. पालखी नाचवतानाचा लावलास आणि देवीचं रूप बरोबर मध्ये आलं तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मध्ये गर्दी, झाडं, आकाश असं काहीतरी येऊ दे. आणि रूपांचे अगदी जवळून काढलेले फोटो छापायला गावकरांची परवानगी आहे ना? काही गावात चालत नाही.

पाखाडीवाला

परवानगीचं बरं काढलंत, आमच्याकडे रूपं लावताना फोटो काढतात पण छापायचं कोणी विचारलं नव्हतं, गावकरांना विचारून कौल लावून घेऊ.

बाकी सांगतो. स्क्रायबस टाकलं, काकांचे शब्द टाइप केले, मुक्तामध्ये सगळे बरोबर आले, पीडीएफमध्येही. ॲफिनिटी पण टाकून बघणार होतो पण देवरुखकरांचं वाचून म्हटलं एकच काहीतरी धरू. दिसायला खरंच सरकारी ऑफिससारखं आहे, पण मास्टर पान जमलं, पान नंबर आले. ओळी सगळ्या आधी गूगल शीटमध्ये घेतोय, वाडीप्रमाणे, त्यात दोन जणांची "बरोबर आहे" अशी खूण झाल्याशिवाय पानावर घ्यायची नाही असं मंडळाला कळवलंय. क्रमाचं भांडण पण तिथेच होऊ दे.

एकच अडलंय. फोटो मी सीएमवायके करून टाकू का तसेच राहू देऊ? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

डीटीपी चिपळूण

तसेच एसआरजीबी (स्क्रीनचे नेहमीचे रंग) राहू दे. प्रेसवाल्याला विचार की पीडीएफ आरजीबी फोटोंसकट चालेल का, डिजिटलवाले बहुतेक हो म्हणतात कारण त्यांच्या मशीनचा रंगांचा हिशोब त्यांच्या मशीनलाच ठाऊक असतो, तू घरी बसून भलत्या प्रोफाइलने (मशीनच्या रंगांच्या हिशोबाच्या फाइलने) बदलून दिलेस तर दोनदा बदल होऊन रंग मरतील. नाही म्हणाला तर त्याच्याकडून प्रोफाइलची फाइल माग, ती स्क्रायबसमध्ये घाल आणि पीडीएफ काढताना बदल होऊ दे, मूळ फोटोंना हात लावू नको. मजकूर मात्र शुद्ध काळा ठेव, फक्त के, म्हणजे काळी शाई, १०० टक्के. चार रंगांचा काळा झाला तर बारीक अक्षरांच्या कडेला लाल-निळी झालर दिसते, आणि मुक्ताच्या बारीक वजनात तर वेलांट्या वाचताच येणार नाहीत.

देवरुखचा पण ठाण्यात

ओळींना मुक्ताचं नेहमीचं किंवा मध्यम वजन घे, एकदम बारीक नको, आणि ९ पॉइंटच्या खाली जाऊ नको. वाचणारे सगळे साठीच्या पुढचे असणार, आणि ते फोटोच्या आधी नावंच वाचणार.